अर्धा पांढरा कावळा

वेलिंग्टनजवळच्या आमच्या लोअर हट गावात कावळे नाहीत, हे मला स्नेहलता गेल्यावर समजलं. तिनं ते इथं आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "अहो, इथं उजाडल्यासारखं वाटतच नाही. कावळा कसा ओरडत नाही?" असं काहीतरी म्हणाली होती. मी पेपर वाचत होतो. बायकोच्या बोलण्याकडे नवरे जितकं लक्ष देतात, तितकं मी दिलं.

मी मधुकर. वीज मंडळात इंजिनियर होतो, पुण्यात. निवृत्त झालो आणि मुलगा अक्षत, सून ऋचा आणि नात ओवी यांच्याकडे कायमचे राहायला म्हणून आम्ही दोघं इथं आलो. ओवी तेव्हा पाळण्यात होती. तिला स्नेहलतानं वाढवलं. माझं काम तिला पार्कात नेणं आणि वाटेतल्या डेअरीतून आइस्क्रीम घेऊन देणं, एवढंच. मग ऐन हिवाळ्यात एके सकाळी स्नेहलता चहा गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही.

माझा क्रियाकर्मावर विश्वास नाही. तिचा होता. आणि गेली ती होती, मी नव्हे, त्यामुळे दहावा तिच्या मतानं झाला. पिटोनीच्या किनाऱ्यावर, बोचऱ्या वाऱ्यात. पुण्याचे काशिनाथ गुरुजी आमच्यासाठी पहाटे उठून फोनच्या व्हिडिओवर बसले होते. अक्षतनं भाताचे पिंड वाळूवर पानात मांडले आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो.

आले ते सीगल. एक आला, मग पन्नास आले. ऋचा पायातली जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, काढून त्यांच्यामागे धावायला लागली. एरवी शहाणीसुरती पोरगी, ऑफिसात दहा माणसं हाताखाली, आणि इथं एका पायावर लंगडत "हाड, हाड" करतेय. मला हसू आलं, आणि हे स्नेहलताला घरी गेल्यावर सांगायचं असं मनात येऊन गेलं. तेव्हा पहिल्यांदा मला रडू फुटलं.

"कावळा शिवला का?" गुरुजी फोनमधून विचारत होते.

"इथं कावळे नसतात, गुरुजी," अक्षत म्हणाला.

"मग दर्भाचा करा आणि शिवा."

दर्भ कुठून आणायचा? या देशात बुटाच्या तळव्याची मातीसुद्धा विमानतळावर तपासतात. गुरुजी म्हणाले, "बाईंचा जीव कशात तरी अडकला असेल. कुणीतरी काहीतरी कबूल करा. मग येईल जो यायचा तो."

ऋचा म्हणाली, "आई, ओवीला मी मराठी वाचायला शिकवीन." काही झालं नाही. वारा तेवढा वाढला.

मग अक्षत पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही. कुठंही गेलो तरी."

आणि पलीकडच्या झाडावरून एक पक्षी सरळ पानाशी उतरला. चांगला ऐटबाज, मोठ्या चोचीचा. सीगल बाजूला झाले. त्यानं भाताचा घास उचलला आणि गेला.

"आला?" गुरुजींनी विचारलं. "काळा होता ना?"

"काळा होता," अक्षत म्हणाला.

अर्धा काळा होता. पाठ आणि मान पांढरी शुभ्र. मॅगपाय म्हणतात त्याला. मी पाहिलं, ऋचानं पाहिलं, पण कुणी काही बोललं नाही. अक्षतचा चेहरा इतका निवळला होता की बोलणार तरी कोण?

त्यानंतर दोन महिन्यांनी अक्षतची नोकरी गेली. वेलिंग्टनमध्ये तेव्हा बऱ्याच जणांच्या गेल्या. इतक्या वर्षांचा कॉम्प्युटरचा अनुभव, पण ज्याला त्याला तोच अनुभव होता आणि जागा कुठंच नव्हती. सकाळच्या गाडीनं टाय लावून जाणारा माझा मुलगा एका गोदामात ट्रकमधून पार्सलं उतरवायला लागला. संध्याकाळी पाठ धरून बसायचा. मी विचारलं की म्हणायचा, "स्वीट ॲज, बाबा." हे इथलं 'सगळं छान'. त्याची आई असती तर तिनं त्याच्या ताटाकडे बघूनच ओळखलं असतं. माझ्या बाबतीत तर तिचा नियमच होता. मी जेवलो म्हटलं, की ती स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याचं झाकण उघडून बघायची. माझ्या तोंडच्या शब्दावर तिनं कधी भरवसा ठेवला नाही, आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघाली.

इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत, ऋचा मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. अक्षतला सांगू नका मी सांगितलं म्हणून." ती कणीक मळत होती आणि मान वर करत नव्हती. "त्याला ऑस्ट्रेलियात जॉब मिळालाय. वुलनगाँगला. समुद्रकाठचं गाव आहे, छान आहे म्हणे. त्याच्याच कामाचा जॉब."

"मग?"

"तो नाही म्हणणार आहे."

मला कारण विचारावं लागलं नाही. त्या तिघांकडे इथलं नागरिकत्व आहे. त्यांनी विमानात बसायचं आणि उतरायचं, ऑस्ट्रेलिया आपलाच. माझ्याकडे नुसती इथं राहायची परवानगी. ऑस्ट्रेलियाच्या लेखी मी पुण्याचा एक म्हातारा. पाहुणा म्हणून महिनाभर या, आणि परत जा. कायमचं यायचं तर रांगेत उभे राहा, आणि ती रांग माझ्या आयुष्यापेक्षा लांब आहे. पुण्याला परत जावं तर तिथलं घर आम्ही कधीच मोडलंय.

म्हणजे हिशोब सरळ होता. अक्षत राहिला तर मला मुलगा होता आणि त्याला पार्सलं. तो गेला तर त्याला त्याचं आयुष्य होतं आणि मी एकटा. आणि मध्ये त्या किनाऱ्यावरचं ते वाक्य येऊन बसलं होतं. कुठंही गेलो तरी.

मी चार दिवस तोच हिशोब मांडत राहिलो. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला बरं वाटत होतं. मुलगा आपल्यासाठी थांबतोय, कुणाला आवडणार नाही? तिसऱ्या दिवशी मी त्याला गाडीतून उतरताना खिडकीतून पाहिलं. दार लावून तो तसाच गाडीला टेकून उभा राहिला. घरात यायची त्याला ताकद नव्हती.

रविवारी तो मागच्या अंगणात गवत कापत होता. कुंपणावर मॅगपाय येऊन बसला. इथं ते सारखेच येतात. मी खुर्ची ओढून बसलो.

"अक्षत, याला काय म्हणतात रे?"

"मॅगपाय. तुम्हाला माहितीये की."

"कावळा नाही ना?"

त्यानं मशीन बंद केलं. "बाबा, काय बोलायचंय?"

"दहाव्याला हाच आला होता. अर्धा पांढरा. तू गुरुजींना नुसता काळा म्हणून सांगितलंस."

"मग काय सांगणार होतो? पुण्यात ते पहाटेपासून बसले होते."

"तसं नाही. माझं म्हणणं, कावळा शिवलाच नाही. म्हणजे तुझ्या आईनं तुझं वचन घेतलंच नाही. ते बाद. कुठं जायचं असेल तर तू मोकळा."

तो एकदम चिडला. "बाबा, ही चेष्टा करायची गोष्ट आहे का? आणि तुमचा तर यातल्या कशावर विश्वासच नाही!"

"माझा नाही. तुझा आहे ना? मग नीट पाळ. सोयीचा पक्षी धरून चालत नाही. मॅगपायला कावळा म्हणायचं, तर उद्या कोंबडीनं काय घोडं मारलंय?"

तो हसला, आणि हसता हसता गवतावर खाली बसला. बराच वेळ डोक्याला हात लावून बसला होता. मला आतून वाटत होतं, हा आता म्हणेल, पक्षी कुठलाही असो, शब्द मी दिला होता. म्हणाला असता तर मी काय केलं असतं, देव जाणे. कदाचित थांब म्हटलं असतं. तो म्हणाला नाही. त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला होता, अगदी किनाऱ्यावर झाला होता तसाच. मला बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच झालं.

मार्चमध्ये ते गेले. घर एका भल्या कुटुंबाला भाड्यानं दिलं आणि मागची सुटी खोली, तिला इथं स्लीपआउट म्हणतात, ती माझ्याकडे राहिली. विमानतळावर ओवी म्हणाली, "आबा, यू कॅन कम इन द हॉलिडेज. देअर इज अ बीच. ब्रिंग युअर टॉग्ज." टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे. मी म्हणालो, "आणतो हं." अक्षत मला मिठी मारून सोडेचना. शेवटी मीच त्याला म्हटलं, अरे, गेट बंद होईल.

एकटं राहणं वाईट नसतं, लांब असतं. सकाळ संपता संपत नाही. भाडेकरू भले लोक आहेत, दिसलो की "किया ओरा" म्हणून हात करतात. मी कधीकधी लोकलमध्ये बसून पुढच्या अप्पर हट गावाला जातो आणि त्याच गाडीनं परत येतो. डब्यात माणसं बोलत असतात, ती ऐकायला बरी वाटतात. स्वयंपाक मला येतो, पण एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. टोस्ट करतो. कधी तोही नाही. अक्षतचा रोज फोन येतो आणि रोज विचारतो, "जेवलात?" मी म्हणतो, "जेवलो."

वर्षश्राद्ध आलं. अक्षतनं सांगितलं, "बाबा, मी इथं करतोय. तुम्ही व्हिडिओवर बसा. आणि ऐका, इथं कावळे आहेत. खरे. काळेकुट्ट."

त्यांच्याकडे जेवणाची वेळ होती, माझ्याकडे दुपार कलायला लागली होती. ऋचानं सगळं साग्रसंगीत केलं होतं. खीर, वडे, आमसुलाची चटणी. पलीकडे समुद्र दिसत होता. अक्षतनं कावळ्याचं पान अंगणाच्या कठड्यावर ठेवलं आणि ओवीनं फोन तिकडे धरला.

कावळा आला. खरंच काळाकुट्ट, आपल्याकडच्यापेक्षा अंगानं मोठा, डोळे तेवढे पांढरे. ओरडला तर बाळ कुरकुरतंय असं वाटलं. पण कावळाच. इतक्या वर्षांनी मी कावळा बघत होतो. तो पानापासून हातभर अंतरावर बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला. पानाला शिवेना.

"आबा, ही इज नॉट ईटिंग," ओवी कुजबुजली. "व्हाय इज ही नॉट ईटिंग?"

ऋचानं पदर सावरला. अक्षत हात जोडून उभा होता. त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. येणार कुठून? जे एकदा कबूल केलं होतं, ते आता त्याला म्हणता येत नव्हतं. माझा मुलगा परदेशातल्या एका कठड्यासमोर चोरासारखा उभा होता, आणि कावळा त्याच्याकडे बघत होता.

मला ते बघवेना. "ओवी," मी म्हणालो, "फोन पुढे ने. त्याच्याजवळ. हळू. भ्यायचं नाही."

फोन पुढे गेला. कावळा पडद्यावर मोठा झाला. माझ्या खोलीत मी एकटाच, समोर भिंत, तरी मला लाजल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिच्याशी चारचौघांत मी कधी नीट बोललो नव्हतो.

"अगं," मी म्हणालो, "मी बोलतोय. ऐकतेस ना? पोराला मीच जा म्हटलं. त्याच्याकडे बघू नको अशी. मी इथं अगदी मजेत आहे. एकटा नाही, खूप माणसं आहेत. वेळेवर निजतो. रोज दोन्ही वेळ नीट जेवतो, भात-आमटी, सगळं. माझ्यात जीव अडकवू नको आता. जा."

माझ्यामागे शेगडीवर रिकामं पातेलं होतं. सकाळपासून तिथंच होतं. फोनमध्ये ते दिसत असेल का, असं मला वाटून गेलं.

कावळ्यानं मान सरळ केली, एक उडी मारली आणि खिरीतला भात उचलला. तिकडे अक्षत रडायला लागला, ऋचानं त्याला धरलं, ओवी "ही एट इट!" म्हणून ओरडली.

मी फोन खाली ठेवला. अख्ख्या संसारात पहिल्यांदाच तिनं झाकण उघडून न बघता माझ्यावर विश्वास ठेवला होता.