पहिला ठोका फोरमनचा

"बाई, तो माइक बंद ठेवा," नवे साहेब दारातूनच म्हणाले.

बेरीजबाईंचं बोट बटणावरच राहिलं. समोर आकड्यांचा कागद, काचेपलीकडे खाली हँगर, आणि हँगरात माना वर करून उभी असलेली माणसं.

"का हो साहेब? दर महिन्याला वाचते मी."

"आकडे अजून बाहेर जाहीर झालेले नाहीत. शेअरबाजार बंद झाला की आम्ही ते देणार. त्याआधी आत कुणाला कळले तर तुम्ही आणि मी, दोघंही गोत्यात येऊ. नियमच आहे तसा."

"तोवर खालची पाळी सुटेल. मग काय भिंतींना वाचून दाखवू?"

"सगळ्यांना मेल करा ना," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. मोठ्या विमान कंपनीने ही छोटी कंपनी विकत घेतली, तेव्हा आवराआवर करायला त्याला इकडे धाडलं होतं, आणि दुसऱ्याचं घर आवरणारा माणूस कितीही जपून वागला तरी त्याच्या हातून काहीतरी फुटतंच. बेरीजबाईंनी बोट काढून घेतलं. खालच्या माणसांनी ते पाहिलं आणि ती आपापल्या कामाला लागली.

बेरीजबाई हे नाव त्यांना हँगरनेच दिलं होतं. कोणत्या मार्गावर किती माणसं उडाली, किती खुर्च्या रिकाम्या गेल्या, किती माल गेला, हे सगळं गोळा करून महिन्याची बेरीज मांडायची, हे त्यांचं काम. पण कंपनीत त्यांना ओळखत ते त्यांच्या आवाजावरून. कंपनीकडे पंख्याची दोनच विमानं होती, तेव्हापासूनची ही रीत. महिन्याचा आकडा आधी हँगरला सांगायचा. कंपनी काढणारे थोरले साहेब म्हणायचे, ज्यांच्या हातांवर भरवसा ठेवून लोक विमानात बसतात, त्यांना आधी कळायला हवं किती बसले ते. आकडा वाढला असेल तर फोरमनने हातातला पाना शिडीच्या लोखंडी दांड्यावर हाणायचा, मग बाकीच्यांनी. त्या ठणठणाटाने छपरावरचे पक्षी उडायचे. आकडा घटला असेल तर कुणी काही वाजवायचं नाही, गुपचूप कामाला लागायचं.

बेरीजबाई पहिल्यांदा माइकसमोर बसल्या. त्यांनी "एकूण प्रवासी" एवढं म्हणायचा अवकाश, खालून एका तरण्या मेकॅनिकने पाना हाणलाच. सगळा हँगर हसला. बेरीजबाई तरातरा जिना उतरून त्याच्यासमोर गेल्या.

"वाक्य तरी पुरं होऊ द्याल का?"

"तुमच्या आवाजावरनं कळलं की, वाढलेत ते," तो म्हणाला.

पुढच्या महिन्याच्या आत त्याने स्वतः शिडीवर चढून भोंग्याशेजारी एक लाल दिवा बसवला. माइक चालू असला की दिवा पेटायचा, बंद झाला की विझायचा. दिवा विझल्याशिवाय पाना उचलायचा नाही, असं त्याने स्वतःलाच बजावलं आणि मग सगळ्यांना. तोच मेकॅनिक पुढे फोरमन झाला. त्याच्या बराच आधी तो बेरीजबाईंचा नवरा झाला होता.

इतक्या वर्षांत बेरीजबाईंनी घरी आकडा कधी फोडला नाही. जेवताना तो आडून आडून विचारायचा, "उद्या पाना घेऊन जाऊ का नको?" आणि त्या म्हणायच्या, "भाजी घ्या." चुकीचा आकडा तर त्यांनी कधीच वाचला नाही. एका वाईट वर्षी घट अगदी चिमूटभर होती. खुद्द थोरले साहेब म्हणाले, "एवढंसं कोण बघतंय? माणसं खचतील." बेरीजबाईंनी घट म्हणूनच वाचली. साहेब महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. हँगर मात्र त्यानंतर त्यांच्या "वाढ" या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू लागला.

दुपारी स्टोअरवाला चहा घेऊन वर आला. हा बेरीजबाईंच्या बरोबरीने नोकरीला लागलेला, तोंडाचा फटकळ माणूस.

"तुमचा फोरमन आलाय खाली, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच. इस्त्रीचा शर्ट घालून. कंपनीचा शेवटचा आकडा म्हणून आज पहिला ठोका त्यालाच द्यायचं ठरलंय. त्याचा जुना पाना काढून दिला मी."

"आणि कानातलं यंत्र?"

"घरी ठेवून आलाय. इथं म्हणे त्यात नुसती शिट्टी वाजते. सगळ्यांना सांगत सुटलाय, शेवटचा महिना आहे, लोक भरभरून आले असणार." स्टोअरवाल्याने आवाज खाली आणला. "बेरीजबाई, आजचा दिवस वाढले म्हणा."

"घटले असं तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या तोंडाने."

"माझं तोंड रोज असंच असतं," त्या म्हणाल्या. "चल, कामाला लाग."

तो गेला आणि त्यांना भरून आलं. फोरमनचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं शेवटचं म्हणून खरंच आली होती. कुणी लग्नानंतर याच विमानाने गेलेलं, कुणी पहिल्या नोकरीला. खुर्च्या इतक्या भरल्या की आजवर कधी भरल्या नव्हत्या. पण दोन मार्ग आधीच मोठ्या कंपनीकडे गेले होते, विमानंच कमी उडाली होती. एकूण प्रवासी घटले होते, आणि पाना वाजतो तो एकूणवर. ज्या हातांनी तो दिवा बसवला, त्यांनी आज मुकाट्याने पाना खाली ठेवायचा, हे त्यांना सोसवत नव्हतं. एक शब्द बदलायचा, बस. उद्या विचारायला कोण उरणार होतं?

संध्याकाळी पाळी सुटली. बेरीजबाईंनी काचेतून पाहिलं. माणसांनी हात धुतले, कपडे बदलले, डबे घेतले आणि फाटकाकडे न जाता ती परत येऊन विमानाभोवती उभी राहिली. विमान एकच उरलं होतं, शेपटीवरचं नाव रंगासाठी कागद लावून झाकलेलं. त्या शेपटीखाली फोरमन उभा होता, हातात पाना, नजर लाल दिव्यावर.

नवे साहेब वर आले. खाली पाहून थोडे ओशाळले.

"जाहीर झालंय आता. वाचा बाई."

बेरीजबाईंनी बटण दाबलं. दिवा पेटला.

"नमस्कार. गेल्या महिन्याची वाहतूक. दोन मार्ग नव्या कंपनीकडे गेले. बाकीच्या मार्गांवर शंभरातल्या नव्वदाहून जास्त खुर्च्या भरल्या. आपल्याकडे असं आजवर कधीच झालं नव्हतं." त्या थांबल्या. जिभेवर "वाढ" हा शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. "एकूण प्रवासी, त्याआधीच्या महिन्यापेक्षा कमी. घट."

त्यांनी बटण बंद केलं. दिवा विझला. हँगर गप्प झाला. रीतच होती तशी. दोघातिघांनी डबे उचलले.

आणि ठण्णकन पाना वाजला.

फोरमनने हाणला होता. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्याने दिवा विझलेला पाहिला, आणि आकडा वाढलाय याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती. हसऱ्या चेहऱ्याने त्याने दुसरा ठोका दिला, आणि आपल्यामागे कुणीच का वाजवत नाही म्हणून इकडेतिकडे पाहू लागला.

नव्या फोरमनने त्याला थांबवायला हात पुढे केला होता. तेवढ्यात स्टोअरवाल्याने किल्ल्यांचा जुडगा जाळीच्या दारावर आपटला. मग कुणी डबा वाजवला, कुणी शिडी, कुणी रिकामं पिंप. छप्पर दणाणलं. पक्षी उडाले.

"पण आकडा तर घटलाय ना?" साहेबांनी बेरीजबाईंच्या कानाशी ओरडून विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या, आणि हमसून रडू लागल्या. साहेब काचेजवळ जाऊन उभे राहिले.

डोळे पुसून त्या खाली गेल्या. आवाज थांबले होते.

"वाढले ना गं?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात फोरमनने विचारलं. "मी म्हणत नव्हतो, लोक येणार म्हणून?"

सगळा हँगर बेरीजबाईंकडे पाहत होता. ज्यांनी घट ऐकली होती, ते सगळे.

"वाढले हो," त्या म्हणाल्या. त्याला ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्याने, की फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल.

फोरमनने मान डोलावली. शर्टाच्या टोकाने पाना पुसला आणि भिंतीवरच्या फळीकडे गेला. फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगाने काढलेला होता, म्हणजे काय परत आलं नाही ते लांबूनच दिसावं. त्याने आपला पाना त्याच्या आकारावर टांगला, जरा तिरका वाटला तो सरळ केला, आणि फळीवर कुठे रिकामी जागा राहिलेली नाही ना, ते नीट पाहून घेतलं.

"चल," तो म्हणाला. "सगळं जागेवर आहे."