सिद्ध चकती आणि वाचनालयाचं कुलूप

वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. छंदमंडळाच्या टेबलावर एक सर्किट बोर्ड बटण दाबून ठेवलेलं असूनही बंद पडला होता. ऊर्जागुरूंनी खिशातून तांब्याची जाडजूड चकती काढली, डोळे मिटले, काहीबाही पुटपुटले आणि चकती बोर्डावरच्या काळ्या चिपवर टेकवली. थोड्या वेळाने दिवा लागला, घंटी खणखणली. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"ही शक्ती सात भिंती भेदून जाते," गुरू म्हणाले. "पथ्य एकच. बोर्डातला कुठलाही भाग बदलायचा नाही. बदललात की शक्ती रुसते."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण राग त्यामुळे नव्हता. तो बोर्ड तिच्या घरचा होता. पक्षाघाताने अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची, वाचा गेली होती. त्यांनी उशाजवळचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजावी म्हणून मंडळात जाणाऱ्या धाकट्या भावाने तो बनवला होता. सोबत मोठा दिवा जोडला आणि बोर्ड मधेच गप्प व्हायला लागला. परवा तसाच गप्प झाला. कुणी येईना म्हणून अण्णा स्वतः उठायला गेले आणि पडले. उद्यापासून ताईची शाळा सुरू होणार होती, म्हणजे अण्णांची सगळी भिस्त या घंटीवरच.

भाऊ चकतीवर फिदा होता. "ताई, डोळ्यांनी बघितलंस ना? आता आणखी काय हवं?"

"पुठ्ठा हवा," ताई म्हणाली.

तिने चकती उचलून बाजूला ठेवली. जरा वेळाने दिवा विझला. मग चिपवर जुन्या वहीचा पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर चकती. गुरू पुटपुटले, मग जोरात पुटपुटले, मग घामाघूम झाले. बोर्ड ढिम्म!

"सात भिंती भेदल्या आणि पुठ्ठ्यापाशी अडली होय?" मागून कुणीतरी विचारलं. खोलीत हशा पिकला.

ताईने दाराचं पितळी कुलूप आणलं, पुठ्ठा काढून थेट चिपवर ठेवलं आणि थोडी थांबली. घंटी वाजली.

"घ्या! आपलं कुलूपही सिद्ध निघालं. भाऊ, चिपला बोट लाव."

"आई गं!" भावाने बोट तोंडात घातलं.

"हा व्होल्टेज रेग्युलेटर. बारा व्होल्ट घेतो, बोर्डाला पाच देतो, उरलेल्या सातांची उष्णता करतो; मोठ्या दिव्यामुळे ती आणखी वाढली. फार तापला की जळू नये म्हणून आपणहून बंद होतो. धातू ठेवला की तो उष्णता ओढून घेतो, मग हा निवतो आणि परत चालतो; पुठ्ठ्यातून ती जात नाही. पण हे बारा व्होल्ट आणले कुठून?"

भाऊ ओशाळला. मंडळात सगळ्यांची एकच रीत होती: जुन्या अ‍ॅडॅप्टरची पिन बसली की तो आपला. "मग जास्त अँपियरचा रेग्युलेटर आणू?"

"उष्णता तेवढीच राहील. पाच व्होल्टचा, तीन पायांचा, पायांचा क्रम हाच, पण स्विचिंग जातीचा आण. तो जादा व्होल्ट जाळत बसत नाही."

एव्हाना गुरूंनी काढता पाय घेतला होता.

नवा रेग्युलेटर त्याच संध्याकाळी बसला. सकाळी ताई चपला घालत होती तोच घंटी वाजली. दोघं धावत गेली. अण्णांना काहीच नको होतं. ते बटण दाबून बघत होते, पुन्हा दाबत होते आणि हसत होते.

असंच दाबून बघावं. कुणी शक्ती दाखवली तर हात जोडण्याआधी मध्ये एक पुठ्ठा घालावा. खरी असेल तर तिचं काय बिघडणार आहे?