झोपेची गोळी म्हणतात तिला

मी एक जुनी इस्त्री आहे. अस्सल लोखंडी, लाकडी मुठीची, विजेवर तापणारी. नवख्याचं मनगट माझ्यापुढे दोन शर्टांत रडकुंडीला येतं. हल्लीच्या हलक्याफुलक्या इस्त्र्या मला बघून नाकं मुरडतात. मुरडू देत. मित्रांनो, मला हात नाहीत, तरी माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट लाँड्रीत, कडक मावशीकडे. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. तिने घडी घातलेल्या शर्टाची कॉलर सुरीसारखी उभी राहायची, म्हणून गिऱ्हाइकांनी हे नाव पाडलं. वीस वर्षं आम्ही दोघी एका टेबलावर राबलो.

"मावशी, तुमची इस्त्री झाली की माणूस साहेब दिसतो," गिऱ्हाईक म्हणायचं.

"माणूस मुळात बरा असला तर," मावशी म्हणायची आणि मला पुढे ढकलायची.

मावशीला तरुणपणी फिट यायची. डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि फिट थांबली. पण गोळी घेतली की तिचे डोळे जड व्हायचे, जांभयांवर जांभया. म्हणून घरात त्या गोळीचं नाव पडलं, झोपेची गोळी. "आई, झोपेची गोळी घेतलीस का?" लेक रोज विचारायची. हळूहळू फिट हा शब्दच घरातून निघून गेला. सगळ्यांना वाटायला लागलं, आई झोपेसाठीच गोळी घेते. आईलासुद्धा.

मग तिला सर्दी झाली. घरात पडलेलं सर्दीचं औषध तिने मनानेच घेतलं. ते एक गुंगी आणणारं, वर गोळीची गुंगी. मावशी टेबलापाशी उभ्या उभ्या पेंगली आणि एका नर्सबाईच्या पांढऱ्या कोटावर माझा तांबडा ठसा उमटला. वीस वर्षांत पहिला.

नर्सबाई काही वेडंवाकडं बोलल्या नाहीत. "होतं मावशी," एवढंच. पण मावशीला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

"मला पडल्या पडल्या झोप लागते," ती लेकीला म्हणाली. "मग झोपेची गोळी कशाला गिळायची?"

"डॉक्टरांना विचार ना."

"त्यांना काय विचारायचंय? झोप त्यांना येते की मला?"

लेक हसली. मीही हसले असते. गोळ्यांची पट्टी टेबलावरच्या घोंगडीखाली गेली आणि तिथेच राहिली.

दोन दिवस मावशी एकदम तरतरीत. माझ्यावर पाणी शिंपडून चर्रर्र ऐकायची, गुणगुणायची. तिसऱ्या दिवशी दुपारी चादर ताणता ताणता तिची नजर थिजली. अंग ताठ झालं, झटके यायला लागले. ती टेबलावर कोसळली आणि तिचा उजवा पंजा माझ्याखाली आला.

शेजारी घड्या घालणाऱ्या लेकीने प्लग ओढला, मला ढकलून दिलं. कुणीतरी तोंडात घालायला चमचा आणला. शेजारचा औषधवाला धावत आला. "चमचा नको. कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा."

दवाखान्यात काय झालं ते लेकीने नंतर शेजाऱ्यांना सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी एकदम का बंद केलीत?"

"झोप फार यायची."

"मग मला सांगायचं होतंत. गोळी बदलता आली असती, हळूहळू कमी-जास्त करता आली असती. एकदम सोडली की फिट उसळून येते."

"ती फिटची होती होय," मावशी म्हणाली.

तिची तीन बोटं आता वळत नाहीत. लेक दुसरी हलकी इस्त्री चालवते. मी फळीवर पडून असते, वायर गुंडाळून. मावशी कधी कधी डाव्या हाताने माझी मूठ धरून बघते. उचलत नाही.

मित्रांनो, मेंदूच्या औषधांना लाडाची नावं ठेवू नका. ती कशासाठी आहेत ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. गुंगी आली, चक्कर आली, काही विसरायला झालं, तर डॉक्टरांना सांगा. लाजू नका. दुसरं औषध विचारल्याशिवाय वर घेऊ नका, आणि आपल्या मनाने गोळी सोडू नका. गुंगी येत असेल तर तापलेल्या वस्तूपाशी उभं राहू नका. आमच्यावर भरवसा ठेवू नका. मी मावशीला वीस वर्षं ओळखत होते. पण तापलेल्या लोखंडाला खाली कापड आहे की माणूस, हे कळत नाही.