गिरणीच्या आडोशातल्या ओव्या

आवडाबाईच्या उजव्या खांद्यानं दगा दिला, आणि घरातलं जातं बंद झालं. निजामाच्या राज्यात, औरंगाबादेत तेव्हा इंजनाच्या गिरण्या नव्या नव्या येत होत्या. बेगमपुऱ्यात गयासभाईंनीही एक घातली होती. आवडाबाईचा लेक पुंजाराम म्हणाला, "माय, आता दळायचं नाय. हात कायमचा जाईल तुझा." जातं बैलगाडीत घालून पुंजारामनं बहिणीला, ठकूला दिलं. ठकू करमाडला नांदत होती.

पुढं ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "माय, करमाडच्या वाटंची ती ओवी म्हण की. मी दळाया बसले की तीच म्हणाया जाते, पण शबूद सापडत नायत."

ही ओवी आवडाबाईनं ठकूचं लग्न झालं त्या साली स्वतःच जुळवली होती. तिनं तोंड उघडलं, आणि एक शब्द येईना. दुसरी आठवून पाहिली, तीही येईना. तिनं ओव्या कधी पाठ केल्याच नव्हत्या. हात फिरायचा आणि त्याच्या मागं शब्द यायचे, एवढंच तिला ठाऊक होतं.

"र्‍हाऊ दे माय, सांजच्याला आठवंल," ठकू म्हणाली. सांजही गेली. आवडाबाईला घरात कुणी वारल्यासारखं वाटत होतं, आणि ते सांगायची तर लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी जवारीचं टोपलं घेऊन ती गिरणीत गेली. बायांना बसायला गयासभाईंनी बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला होता. गोषातल्या बायाही तिथं बिनघोर बसत. पण इंजनाच्या धडधडीत कुणाचं बोलणं कुणाला कळत नसे. त्यांतलीच एक नजमुन्निसा आणि आवडाबाई कितीतरी वेळा शेजारी बसल्या होत्या, मान हलवून हसल्याही होत्या. एकमेकींचं नाव तेवढं ठाऊक होतं, त्यापलीकडं ओळख नव्हती.

त्या दिवशी खाडकन आवाज झाला आणि इंजन थांबलं.

"पट्टा तुटला, अम्मा," गयासभाई आडोशाबाहेरून म्हणाले. "जोडायला वखत लागंल. बसा जरा."

एकदम अशी शांतता पसरली की बाया एकमेकींकडं बघतच राहिल्या.

"या अल्ला," नजमुन्निसा हसून म्हणाली, "इत्ते दिन झाले, तुमचा आवाजसुदीक ऐकला नाय मी."

"माझा आवाज गेला आता, नजमाबी," आवडाबाई म्हणाली, आणि जे घरी सांगता आलं नव्हतं ते या बाईला भडाभडा सांगून मोकळी झाली.

नजमुन्निसानं सगळं ऐकून घेतलं. तिचं माहेर खुलताबादचं. "आमच्यात बी चक्कीवर गाणं असायचं," ती म्हणाली. "अम्मा म्हणायची. मला बी बसल्या जागी याद येत नाय." मग काय मनात आलं कुणास ठाऊक, ती सरकून आवडाबाईच्या समोर बसली. "हात द्या. डावा, दुखता नको."

तिनं आवडाबाईचा हात आपल्या मुठीत धरला आणि मधल्या मोकळ्या जागेत गोल फिरवायला लागली, दोघीजणी एकच खुंटा ओढतात तसा. आधी बाकीच्या बाया हसल्या. आवडाबाईलाही हसू आलं. पण हात फिरत राहिला, अंग मागंपुढं झुलायला लागलं, आणि नजमुन्निसाच्या तोंडून हलकेच आलं :

*चक्की बोले घुम्मर घुम्मर, आटा झरे सफेद*
*अम्मा, दिल की बात बोलूं, तू मत खोल भेद*

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबला नाही. पुढची पाळी आवडाबाईची होती. तिनं काही आठवलं नाही, नुसतं तोंड उघडलं :

*करमाडच्या वाटंला धूळ दिसती कुणाची*
*लेक माहेरा आली, चोळी अंजिरी खणाची*

"व्हय, हीच!" ती ओरडली. "हीच ती!" आणि तिच्या मागं दुसरी आली, मग तिसरी. बाया हसायच्या थांबल्या. कुणी ठेका धरला, कुणी आपल्या आईची ओवी काढली. एका म्हातारीनं तर नवऱ्याची अशी काही थट्टा जुळवली, की बाहेर गयासभाई पट्टा शिवता शिवता खोकून खोकून हसले.

घरी येताच आवडाबाईनं ठकूला समोर बसवलं, तिचा हात धरला आणि ओवी दिली. ठकूनं ती घोळवून घोळवून म्हटली.

पट्टा जोडून झाला होता, इंजन परत रोज धडधडायला लागलं. पण जुम्म्याच्या दुपारी गयासभाई नमाजाला जात, तेव्हा गिरणी बंद असे. आजवर बाया ती वेळ चुकवायच्या. आता नेमक्या त्याच वेळी आडोसा भरायला लागला. गयासभाई मशिदीतून परतले की दाराशी जरा घुटमळत, घसा खाकरत, आणि मगच विचारत, "चालू करू का, अम्मा?"

एका जुम्म्याला त्यांनी विचारलं तेव्हा आवडाबाईनं नजमुन्निसाचा हात सोडला नाही. आतून तिचा खणखणीत आवाज आला, आणि ही ओवी तिनं त्याच घडीला जुळवलेली होती :

*इंजना रं भावा, तुझी धुराची पगडी*
*सया बोलत्यात माझ्या, थांब अजून रं घडी*

गयासभाईंनी तिथंच गोणीवर बसकण मारली. "थांबतो, अम्मा," ते म्हणाले. "पण ही परत एक बार म्हणा."