गुरुवारचा अर्धा तास

अंजलीची शिवकन्या चार महिन्यांची झाली, तरी पोटात गेलेलं दूध पोटात ठेवायला ती तयार नव्हती. पाजून खाली ठेवलं की अंगाची कमान करायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि सगळं बाहेर. अंजलीच्या पदराला, गोधडीला, सासूच्या खांद्याला आंबट वास कायमचा बसला. महिनाभर वजनाचा काटा एकाच जागी अडकून राहिला, तेव्हा हिंगोलीच्या लेकरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटातलं आंबट वर येतंय. त्यांनी थेंब लिहून दिले आणि दर वेळी पाजल्यावर लेकरू अर्धा तास उभं धरायला सांगितलं.

त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत दर दुसऱ्या गुरुवारी नांदेडहून रीता मॅडम यायच्या. दारावर 'ऑस्टिओपॅथी' अशी पाटी होती, आणि ती एका दमात वाचणारा माणूस अंजलीच्या अख्ख्या साखरा गावात निघाला नसता. मॅडमचं औषध म्हणजे हात. लेकराच्या मानेखाली, बरगड्यांवर, पोटावर त्या बोटं इतकी हलकी ठेवायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना बसल्या जागी डुलकी लागली.

"नुसता हात ठिवून बसली की वं ही बाई!" पहिल्या खेपेला सोबत आलेली सासू सिंधूबाई दारातच म्हणाली. "तेल न्हाई, दाबणं न्हाई. मी काय कमी चोळती का?"

मॅडमनी नेमकं ते जोरात चोळणंच बंद करायला सांगितलं. त्या दिवसापासून सिंधूबाईचे गुडघे दुखायला लागले आणि तिनं हिंगोलीचं नाव टाकलं.

"मॅडम, ह्यानं थांबंल का?" अंजलीनं विचारलं होतं.

"थेंब बंद करायचे नाहीत, ताई. माझा हात त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. किती फरक पडेल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पुष्कळ लेकरं वयानंही सुधारतात."

सासू येईना, आणि लेकरू, पिशवी, धुडकी घेऊन दोन गाड्या बदलत एकटीनं जाणं अंजलीला जमेना. म्हणून शिवहारला, तिच्या नवऱ्याला, निरोप गेला. शिवहार आपल्या बापासोबत, मसाजीसोबत, दिवाळीपासून मेंढरं घेऊन बाहेर होता. खतासाठी ज्याच्या वावरात मेंढरं बसवायची त्याच्या वावरात मुक्काम. आज कनेरगाव नाक्याकडं, तर पंधरा दिवसांनी शिरड शहापूरकडं. गावात परत यायचं ते थेट मिरगाला, पाऊस लागताना. बायकोची आठवण आली म्हणून कळप सोडून जाणारा गडी मसाजीनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि पाहायची त्याची इच्छाही नव्हती. पण नातीचा दवाखाना म्हटल्यावर म्हातारा विरघळला. "जा, पर सांजच्याला माघारी ये," एवढंच म्हणाला.

असे अंजलीच्या वाट्याला गुरुवार आले.

शिवहार यायचा तो गुडघ्यापर्यंत फुफाट्यानं माखलेला, अंगाला लोकरीचा वास. दवाखान्याच्या नळावर हातपाय धुवायचा, मगच लेकराला हात लावायचा. मॅडमकडचं काम झालं की दोघं बसस्टँडवर यायची. कोपऱ्यातल्या बाकड्यावर अंजली पदराआड पोरीला पाजायची, आणि पाजून झालं की शिवहार तिला खांद्यावर उभी धरायचा. लग्नात अंजलीच्या बापानं दिलेलं घड्याळ त्याच्या मनगटावर असायचं. तो काटा बघायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "बारा धा झाले. बारा चाळीसला सोडतो."

एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही. "कचेरीत साहेब हायसा काय तुमी?" अंजली चिडवायची. तो हसायचा आणि पुन्हा घड्याळ बघायचा. डॉक्टरांनी अर्धा तास सांगितला म्हणजे अर्धा तास; ह्या माणसाकडून डॉक्टरांच्या शब्दाला धक्का लागणार नव्हता.

त्या अर्ध्या तासासाठी अंजली चौदा दिवस बोलणं साठवायची. तो समोर आला की त्यातलं निम्मं विसरून जायची, आणि परतीच्या गाडीत सेनगाव यायच्या आत सगळं आठवायचं. कोणती मेंढी व्याली, कुत्र्याच्या पायाला काय झालं, हे तो सांगायचा. मग खाली बघत विचारायचा, "तू जेवती का बराबर?" एवढ्या एका वाक्यावर तिचा पंधरवडा निघायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्यातला निम्मा काळ नवरा मेंढरांमागं. तिला त्याची फार आठवण यायची. ती कुणाला सांगायची? सासूला सांगितलं असतं तर सासूनं आपली तीस वर्षं काढून दाखवली असती.

इकडं शिवकन्या सुधारत चालली. दिवसाला आठदा टाकायची ती तीनदा टाकायला लागली, मग एकदा. गालावर मांस आलं. काटा हलला, आणि चांगला हलला. अंजलीनं देवापुढं साखर ठेवली, आणि ठेवता ठेवताच तिच्या ध्यानात आलं. पोरगी बरी झाली की गुरुवार संपणार. आपल्याच मनाची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ओढ थोडीच कमी होते?

फाल्गुनातल्या गुरुवारी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "ह्या पंधरवड्यात किती वेळा टाकलं?"

शिवकन्येनं बारा दिवसांत दुधाचा थेंब टाकला नव्हता. शिवहार दाराशी उभा होता. रानात कधीतरी लागणाऱ्या फोनवर त्याला तिनं एवढंच सांगितलं होतं की पोरगी बरी आहे.

"तसंच चालू हाय, मॅडम," अंजली म्हणाली. "दिवसाला चार-पाचदा."

शिवहारचा चेहरा पडला. मॅडमच्या कपाळाला आठी आली. त्यांनी पोरीला बघितलं, तिच्या पोटावर हात ठेवला, आणि उठून त्या डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी कागद चाळला.

"वजन वाढतंय, तरी एवढं टाकतंय?" ते म्हणाले. "मग थेंब वाढवावे लागतील. आणि नांदेडला पाठवतो. नाकातून नळी घालून तपासून घेऊ."

"येवढ्याशा नाकातून नळी?" शिवहारनं विचारलं. त्याचा हात आपोआप पोरीच्या डोक्यावर गेला.

"न्हाई, साहेब!" अंजली ओरडलीच. "खोटं बोलले मी. बारा दिस झाले, एकदा बी टाकलं न्हाई."

डॉक्टर तापले, आणि तापायचा त्यांना हक्कच होता. "अहो ताई, तुमच्या सांगण्यावर मी औषध वाढवतो! एवढ्याशा जिवाला उगीच तकलीफ झाली असती. कशासाठी खोटं बोलायचं?"

"येणं बंद हुईल म्हून," अंजली म्हणाली, आणि रडायला लागली.

"इथं यायची काय हौस आहे तुम्हाला?"

ती शिवहारच्या धुतलेल्या, तरी टाचांच्या भेगांत माती राहिलेल्या पायांकडं बघत राहिली. डॉक्टरांना काही समजलं नाही. मॅडमना समजलं. त्यांनी शांतपणे पोरीला शिवहारच्या हातात दिलं.

"आनंदाची गोष्ट आहे ही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर थेंब हळूहळू कमी करतील, कसे ते लिहून देतील. वजन गावातल्या आशाताईंकडं करा. त्रास परत दिसला तरच या. आणि आता पाजल्यावर अर्धा तास धरायचीही गरज नाही."

बसस्टँडपर्यंत शिवहार पोरीला घेऊन तिच्या दोन पावलं पुढंच चालत राहिला. तो रागावला असणार, असं तिनं धरलं. रागवावंच त्यानं, लेकराच्या नाकात नळी घालायची वेळ आणली होती तिनं. बाकड्यावर बसून तिनं पोरीला पाजलं. पाजून झालं तसं शिवहारनं हात पुढं केले आणि शिवकन्येला खांद्यावर घेतलं.

"मॅडम म्हनल्या, आता धरायचं काम न्हाई," अंजली हळूच म्हणाली.

त्यानं घड्याळ बघितलं. "बारा पंधरा झाले," तो म्हणाला. आणि मग, कधी नव्हे ते, त्यानंच बोलायला सुरुवात केली. काळ्या मेंढीला जुळं झालं होतं. बापाचा खोकला थांबत नव्हता. भाकरी करताना त्याचा स्वतःचा अंगठा भाजला होता. राहून राहून तिच्या हातच्या पिठल्याची आठवण येत होती. तिनं विचारलेलं नसतानाही तो सांगत राहिला, आणि ती ऐकत राहिली.

सेनगावची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा हाक दिली. अंजली पिशवी घेऊन उठली.

"बस खाली," शिवहार म्हणाला. "अर्धा तास व्हायचाय आजून."

गाडी निघून गेली. फलाटावरची धूळ खाली बसली, आणि अंजलीची नजर त्याच्या मनगटावर गेली. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ती त्याच्या शेजारी बसली.