कॅप्टनच्या डाव्या बाजूला

बायकांच्या मोटरसायकल क्लबात सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिचं नाव धाकटी पडलं. वय अठ्ठेचाळीस. डोळ्यांच्या दवाखान्यात ती तपासणीच्या यंत्रावर काम करायची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून सहा वर्षांत तिचं बोलणं जवळजवळ एवढ्यावरच आलं होतं: "हनुवटी इथं टेकवा. मधल्या ठिपक्याकडे बघा."

तिला मोटरसायकल शिकवली कॅप्टनने. कॅप्टन म्हणजे शाळेत मुलींना खेळ शिकवून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. शाळेच्या रिकाम्या मैदानात ती सायकल धरावी तशी मागून धावायची आणि ओरडायची, "पडलीस तर पड, पण दरवेळी मला विचारून पडू नकोस!"

क्लबात आठ जणी होत्या. दर रविवारी सकाळी कॅप्टन पुढे आणि बाकीच्या तिच्यामागे एका रांगेत. एका रविवारी धाकटी तापाने फणफणली होती म्हणून गेली नाही, कुणाला कळवलंही नाही. तासाभरात तिच्या दारात सात मोटरसायकली उभ्या. शेजारीपाजारी खिडकीत आले. त्यांतल्या एकीची बेकरी होती; त्या बेकरीवालीने गरम पाव आणला होता, बाकीच्यांनी घर डोक्यावर घेतलं. त्या गेल्यावर धाकटी पांघरूण तोंडावर ओढून पोटभर रडली. आपण आलो नाही हे कुणाच्या लक्षात येईल, असं तिला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी कॅप्टन दवाखान्यात आली. "चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. परवा फाटकाला घासले."

धाकटीने तिला यंत्रासमोर बसवलं. कडेला बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. दिवे लुकलुकत राहिले आणि कॅप्टन बटणावर अंगठा ठेवून शांत बसून राहिली. छापून आलेल्या कागदावर मध्ये आणि उजवीकडे थोडी पांढरी जागा होती, डावीकडे सगळं काळं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, हे धाकटीला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि गाडी बंद करायला सांगितलं.

जिन्यात कॅप्टनने तिचा हात धरला. "क्लबात बोलू नकोस. महिनाअखेरची लांबची फेरी तेवढी होऊ दे. मग मीच सांगते."

"पण डाव्या बाजूचं तर तुम्हाला काहीच दिसत नाही."

"तू डावीकडे राहा. मग तर झालं?"

नाही म्हणायला धाकटीची जीभ रेटली नाही. या बाईनेच तिला माणसांत आणलं होतं.

लांबच्या फेरीला ती निम्मी वाट कॅप्टनच्या डावीकडे चिकटून होती. मग एका वळणावर मध्ये ट्रक घुसला आणि ती मागे पडली. बेकरीवालीला वाटलं, कॅप्टनला पेट्रोलचं विचारावं. ती डावीकडून पुढे गेली, हॉर्न दिला. त्याच क्षणी कॅप्टनने डावीकडच्या पेट्रोल पंपाकडे गाडी वळवली. दोन्ही गाड्या आडव्या झाल्या. कॅप्टनला खरचटलं. बेकरीवालीचा गुडघा गाडीखाली चेंगरला.

"मी त्यांच्या अगदी शेजारी होते," रुग्णालयात बेकरीवाली पुन्हापुन्हा म्हणत होती. "दिसले कशी नाही मी?"

धाकटीने तेव्हा सांगून टाकलं.

बेकरीवालीने मान तिच्याकडे वळवली. "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"दोन आठवडे."

"मला नुसतं सांगायचंस गं. मी मागे राहिले असते."



बेकरीवालीचा पाय वाकेना. भट्टीपुढे उभं राहणं सुटलं. बहीण भट्टी सांभाळू लागली, ही गल्ल्यावर बसू लागली. कॅप्टनने गाडी विकली आणि दार लावून घेतलं. धाकटी रविवारी जाईनाशी झाली. तिला कुणी ये म्हटलं नाही, येऊ नकोसही म्हटलं नाही.

काही आठवड्यांनी तिने कॅप्टनचं दार वाजवलं.

"दया दाखवायला आलीस?"

"थेंब घालायला आले. डोकं मागे करा."

कॅप्टनचा हात चुकायचा, थेंब गालावर पडायचे. मग धाकटी रोज सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना जायची.

सहा महिन्यांनी, एका सकाळी, पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. तीनच पायऱ्या होत्या, पण वेळ लागला. बेकरीवाली आत येऊन खुर्चीत बसली आणि धापा टाकत राहिली.

कॅप्टनने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "माझ्यामुळे झालं हे."

"हो, तुमच्यामुळे झालं. हिच्यामुळेही." बेकरीवालीने काठी भिंतीला टेकवली. "राग अजून गेलेला नाही माझा. पण तो घेऊन एकटीने किती बसायचं?"

कॅप्टनचे डोळे वाहू लागले. धाकटी पुसायला उठली, तर बेकरीवाली म्हणाली, "राहू दे. रडू दे त्यांना."

त्यानंतर बेकरीवाली अधूनमधून येत राहिली. वर्षभरात कॅप्टनची उरलेली नजरही गेली. क्लब चालू आहे. दोन नव्या बायका आल्यात आणि त्यांना या तिघी कोण ते माहीत नाही.