आईने पाडलेला पोचा
देव अक्कल वाटत होता तेव्हा माझा भाऊ क्लिफ्टन बहुतेक गाडी पुसत बसला होता. डॅडींची अडुसष्ट सालची जीटीओ गाडी त्याने जरा डागडुजी करतो म्हणून नेली आणि वर्षभराने परत आणली ती अशी, की डोळे दिपावेत. वर प्रदर्शनात मिळालेला चषक. कारखान्यातून निघाली होती हुबेहूब तशीच झालीय, असं परीक्षक म्हणाले म्हणे.

कारखान्यातून निघाली तशी! अरे, तशा गाड्या डॅडींनी पॉन्टिअ‍ॅकच्या कारखान्यात उभं राहून ढिगाने बाहेर काढल्या. त्यांना त्याचं काय कौतुक? त्यांची स्वतःची एकच होती, आणि ती मागच्या उजव्या चाकावरच्या पोच्याने ओळखू यायची.

तो पोचा आईचा. एका रविवारी शेजारच्या सीटवर तळलेल्या कोंबडीचं भांडं ठेवून ती चर्चला निघाली आणि गाडी मागे घेताना आमच्या टपालपेटीच्या खांबावर आदळली. खांब वाकला, तो अजून तसाच आहे. कोंबडी मात्र सांडली नाही, हे ती मरेपर्यंत अभिमानाने सांगायची. डॅडींनी पोचा कधी काढून घेतला नाही. गर्दीत गाडी पटकन सापडते, म्हणायचे.

आता त्यांची नव्वदी उलटलीय आणि काचबिंदूने डोळे गेलेत. पुढच्या उन्हाळ्याची खात्री डॉक्टर देत नाहीत. त्यांचं मागणं एकच होतं: ऑगस्टमधल्या त्या शनिवारी, सगळ्या जुन्या गाड्या वुडवर्डच्या रस्त्यावर उतरतात तेव्हा, आपल्या गाडीत बसून एक फेरी.

शनिवारी मी त्यांना कोपराला धरून गाडीपाशी नेलं. नेहमीसारखा मागून पुढे हात फिरवत ते दाराकडे निघाले. चाकावरच्या पत्र्यावर हात थांबला, मागे गेला, परत आला. मग त्यांनी तो खिशात घातला.

"लोरेटा, ही कुणाची गाडी आहे?"

क्लिफ्टन रंगाबद्दल, पत्र्याबद्दल, चषकाबद्दल बोलत सुटला. एखाद्या विक्रेत्याचं ऐकावं तसं डॅडींनी अदबीने ऐकलं आणि ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हणाले, माझी आली की हाक मारा.

"म्हातारपणात होतं असं," क्लिफ्टन माझ्या कानात म्हणाला. "जरा समजूत काढ ना त्यांची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या आईला लांबी भरून, घासूनपुसून टाकलं या शहाण्याने, आणि समजूत काढायची डॅडींची?

किल्ली गाडीतच होती. मी आत बसले. इंजिन गुरगुरलं तशी ओसरीवर डॅडींनी मान वर केली. मी गाडी मागे घेतली. खांब काही कुठे गेला नव्हता.

आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असणार. क्लिफ्टन डोकं धरून मटकन खाली बसला. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

मी डॅडींना पुन्हा घेऊन आले. त्यांचा हात पत्र्यावरून सरकत चाकावर आला आणि तिथेच राहिला. बराच वेळ राहिला.

"जरा वर लागलाय," ते म्हणाले. "तुझी आई तुझ्यापेक्षा बरी चालवायची."

मग दार स्वतःच चाचपून उघडलं.

"क्लिफ्टन, तू मागे बस."

तो बसला, चषक मांडीवर घेऊन.